शुभाताईंचा घानातला शनिवार

रोजच्या वहीत मी बहुतेक देवाचं, उपासाचं, घरचं लिहिते. आजचं पान शुभाताईंचं.

शुभाताई इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये आमच्या शेजारी राहतात. तीस वर्षं नर्स होत्या. रिटायर झाल्यापासून दर शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडून घानामधल्या एका छोट्या दवाखान्याशी बोलतात. तिथे येणाऱ्या बायकांचं वजन फार, बीपी वाढलेलं, आणि डॉक्टर महिन्यातून एकदा येणार. मग तिथली नर्स अबेना सगळ्यांना जमवते आणि ताईंचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगते.

गेल्या महिन्यात बावीस बायकांच्या चार झाल्या. असंच चाललं तर शनिवारचा दवाखाना बंद होईल, असं अबेना म्हणाली. ताईंना चूक सापडेना. एकीचं वजन उतरलं, म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर किती बारीक झालीस म्हणून कौतुक केलं होतं, एवढंच. त्यानंतर ती आली नाही, आणि हळूहळू बाकीच्याही.

तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी आमच्याकडे दत्ताची आरती होती. ताईंची नात आन्या कॉलेजातून आली. तिला दारात बघताच ताई म्हणाल्या, "अगं, किती वाळलीस! बरं नव्हतं का?"

"आजी, आय ॲम फाइन. रोज रनिंग करते."

ताईंनी प्रसादाची वाटी तिच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तिकडेही बारीक होणं म्हणजे आजारपणच असणार. मी त्या बाईला चारचौघींत आजारी ठरवलं गं."

दुसऱ्याच दिवशी अबेनाला फोन करून त्या बाईची माफी मागितली. ठरलं असं, की वजन अबेना एकेकीला आत नेऊन घेणार. ताई फक्त विचारणार, बाजारातून घरी येताना दम लागून किती वेळा थांबावं लागतं? आणि ताई स्वतःही अंगानं चांगल्या भरलेल्या, म्हणून पहिली परीक्षा त्यांनीच दिली. त्या शनिवारी मी लॅपटॉप धरला आणि त्या बेसमेंटचा जिना चढल्या. कठडा धरून दोनदा थांबल्या. पलीकडे चौघी पोट धरून हसल्या. गावभर बोलणं झालं असणार.

कारण आज एकोणीस जणी आल्या. पुढच्याच खुर्चीवर ती रुसलेली बाई. अबेनाच्या तोंडून तिनं विचारलं, "मी आता एकदाच थांबते. तुझं काय?"

ताई उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. मी लॅपटॉप घेऊन मागे. एकदाच थांबल्या.

अशी बाई माझी शेजारीण, म्हणून आज देवापुढे एक निरांजन जास्त लावलं.