न शिवलेला कावळा

आबा आमचे शिरूरचे शेजारी. भिंतीपलीकडे त्यांचा चुलतभाऊ राहायचा. त्याने दाराला रंग दिला, की आठवड्यात आबांचे दार रंगायचे. त्याने सायकल घेतली, तेव्हा आबांनी डायनामोच्या दिव्याची घेतली. मी बी.ए. झालो, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. त्याच वर्षी चुलतभावाचा मुलगा मॅट्रिकला नापास झाला होता. कारण ठाऊक असूनही त्या पेढ्यांचे ऋण मी मानतो.

आबांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि त्या चुलतभावाची बायको सख्ख्या बहिणी. पण आबांनी काकूंना बहिणीच्या दारात कधी जाऊ दिले नाही.

काकूंच्या दहाव्याला घोडनदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. कावळे बाभळीवर बसून राहिले. बहीण लांब उभी राहून रडत होती.

एक म्हातारा म्हणाला, "आबा, दोन्ही घरांचं येणंजाणं चालू करतो म्हणा. तिचा जीव बहिणीत अडकलाय."

आबांनी चुलतभावाकडे पाहिले. "ह्याच्या म्होरं? म्या न्हाई म्हणायचा."

ऊन चढले. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून दिला आणि आबांनी तो पिंडाला टेकवला.

परतताना त्यांनी माझा दंड धरला.

"तू शिकलेला हायेस, खरं सांग. ह्याच्या आईच्या दहाव्यापरीस आपल्याकडं माणूस जास्त हुतं न्हवं?"

"होतं, आबा," मी म्हणालो.

मागे नदीकाठी बहीण एकटीच पिंडापाशी बसून अजून कावळ्यांना बोलावत होती.