शेवाळ खाणारा मासा

आमच्या ह्यांना मासळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पापलेटचा कल्ला उघडून बघायचा असतो, हे लग्नानंतर मी शिकवलं. तरी बाजारात एकटे गेले की चार दिवस बर्फात निजलेलंच पापलेट घेऊन यायचे, वर तोंड कसं, तर बक्षीस मिळाल्यासारखं. असला माणूस जेसल पार्कच्या आमच्या वन रूम किचनमध्ये, टीव्हीच्या शेजारी, समुद्र मांडून बसला.

समुद्र म्हणजे दोन फुटांची काचेची टाकी. नव्वदनंतरची ती वर्षं. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास, बाकी सगळा टँकरचा भरवसा. आणि हे महाशय रविवारी रिक्षात कॅन घालून उत्तनच्या किनाऱ्यावर जाणार, समुद्रात आत दूरवर जाऊन आलेल्या बोटवाल्याकडून स्वच्छ खारं पाणी आणणार. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की त्यात भर मात्र गोड्या पाण्याची, आणि तीही माझ्या प्यायच्या कळशीतली. "अगं, वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं," असं मला समजवायचे. मला! रत्नागिरीच्या पोरीला हे गिरगावातल्या चाळीत वाढलेले गृहस्थ मीठ शिकवणार!

बरं, त्या टाकीत मासा एक नाही. एक दगड, आणि दगडावर प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की तुम्हाला लालबुंद पोवळं आठवेल, तर तसलं काही नाही. शर्टाच्या बटणाएवढी हिरवट तपकिरी बोंडं. दिवा लावला की उघडायची, विझवला की मिटायची. संपलं कौतुक. शेजारणी यायच्या, "मछली किधर है?" विचारायच्या, चहा पिऊन जायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हे ऑफिसातून आले की पायातले बूटसुद्धा न काढता टाकीपुढे उकिडवे बसायचे आणि बोंडं मोजायचे. आणली तेव्हा सात होती, वर्षभरात एकोणीस झाली. ऑफिसात ह्यांच्या मागून आलेले तिखट होऊन वर चढून बसले होते, गॅलरीतली तुळस ह्यांच्या हातून दोनदा जळली होती. ह्यांच्या हाताखाली वाढलेली अशी ही एकच गोष्ट. ते मला दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, म्हणून तर जास्त चीड यायची. पुरुषासारख्या पुरुषानं अभिमान धरावा तो बटणांचा?

मग दगडावर शेवाळ धरलं. हिरवं, केसाळ, रोज वाढणारं. बोंडं त्यात गुदमरायला लागली, पाच-सहा तर उघडेचनात. ब्रशनं घासावं तर बोंडंच सोलून निघायची. ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका शनिवारी चाचरत म्हणाले, "शेवाळ खाणारा एखादा मासा आणायला हवा. पण प्रवाळाला धक्का न लावणारा. तुला मासळीतलं कळतं. येशील का दुकानात?"

कळतं म्हणजे काय! रस्त्यावरच्या मासळीवाल्या मला बघून पदर सावरून बसायच्या. आमच्या आईचा एक नियम होता आणि तो मी आयुष्यभर पाळला: कोळीण ज्या वाट्यावर हात ठेवून "ह्यो घे गो बाय" म्हणते तो शिळा, आणि जो मागे सारते तोच ताजा. ह्या नियमानं मला कधी दगा दिला नव्हता.

मीरा रोडला स्टेशनजवळ ते दुकान होतं. दुकानदार गुजराती, बोलायला गोड. त्यानं पहिल्या झटक्यात एका टाकीवर हात ठेवला. आत, दगडाच्या बेचक्यात, बोटाएवढा, मळक्या रंगाचा, डोळे वटारलेला एक मासा बसला होता. आमच्याकडे असला मासा मांजरापुढेही टाकत नाहीत.

"भाभी, ये ले जाओ. दिनभर पत्थर चाटता है. मूंगे को कुछ नहीं करेगा."

मूंगा म्हणजे आमचं प्रवाळ. मी मनात म्हटलं, आलास का बाबा वाट्यावर हात ठेवून! शेजारच्या टाकीत एक पिवळाधमक मासा होता, तळहाताएवढा, डोळ्यावरून काळा पट्टा, चपळ. डोळा कसा, लख्ख. मी त्याच्याकडे बोट केलं. दुकानदार लगेच, "वो मत लो भाभी, वो मूंगा नोच डालेगा."

झालं. मागे सारला म्हणजे हाच ताजा.

हे हळूच म्हणाले, "अगं, तो सांगतोय ना, लहानाचंच बघू या." मी दुकानात, चारचौघांत म्हटलं, "तुम्ही पापलेट आणता तेवढं पुरे. गप्प बसा." आणि ह्यांनी पाकीट काढून पिवळ्याचे पैसे मोजले.

पिवळ्या माशानं शेवाळाकडे ढुंकून पाहिलं नाही. पहिल्या दिवशी चार बोंडं टोचली. ह्यांनी जाळीनं त्याला धरायचा प्रयत्न केला, तो दगडामागे. गुरुवारी एकोणीसमधलं एकही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "फुटतील परत." हे म्हणाले, "नाही फुटत गं." बस, तेवढंच.

आणि आता शेजारणींची रीघ! "कितनी सुंदर मछली!" हे प्रत्येकीला सांगायचे, "हिनं निवडलाय." त्यात टोमणा नव्हता हो! टोमणा असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना इतकी वर्षं ऐकवत होते, पण स्वतःची अशी किळस मला कधी आली नव्हती.

रविवारी दुपारी मी एकटीच मीरा रोडला गेले. तो मळका मासा होता तिथंच होता, कोणी घेतला नव्हता. दुकानदारानं विचारलं, "मूंगा ठीक है ना, भाभी?" मी म्हटलं, "एकदम ठीक." त्याच्यापुढे कबूल करायची माझी छाती झाली नाही.

घरी आले तर हे मोरीत बसलेले. दगड बादलीत, हातात जुना टूथब्रश. आता सोलून निघायला काही उरलंच नव्हतं, तेव्हा ह्यांनी शेवाळाचा केसही न ठेवता दगड घासून पांढराफेक केला होता. मी पिशवी पुढे केली. "चुकले" म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. ह्यांनी पिशवी उजेडात धरून मासा निरखला.

"चांगला आहे गं हा," म्हणाले. "पण ह्याला आता खायला काय घालू?"