क्यू, व्ही, के

अख्ख्या मिशिगनमध्ये गाडीकडे गाडी म्हणून न बघणारा एकच माणूस होता, आणि नेमका तोच रोज सकाळी माझ्या शेजारच्या सीटवर बसून ऑफिसला यायचा. ट्रॉयमध्ये आमची घरं एकाच आवारात आणि कंपनीही एकच, म्हणून कारपूल सुरू झालं. तो नागपूरचा, मी पुण्याचा. तेव्हा भांडणाला विषय कधी कमी पडला नाही. पण मुख्य विषय नंबरप्लेटचा. इथल्या गाड्यांच्या मागे तीन अक्षरं आणि चार आकडे असतात. आकड्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ती तीन अक्षरं त्याच क्रमानं ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. मध्ये इतर कितीही अक्षरं आली तरी चालतील, विशेषनाम मात्र चालणार नाही, आणि फोनमध्ये बघणं म्हणजे पाप. एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण समोरच्या प्लेटचा शब्द सापडल्याशिवाय हा गाडीतून उतरायचा नाही. मी पार्किंगमध्ये चकरा मारतोय, वर मीटिंग सुरू झालीय, आणि हा सीट पुढे ओढून, नाक काचेला लावून बसलेला. मी चिडलो की शांतपणे म्हणायचा, "चिडून काहून राहिला तू? शब्द असतोच यार. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

स्वतः गाडी का चालवत नाही, असं लोक विचारायचे. त्याचं उत्तर त्याच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये होतं. परीक्षक बाई शेजारी बसून म्हणाली, पुढे उजवीकडे वळा. हा सरळ गेला, कारण समोरची गाडी सरळ गेली होती आणि तिचा शब्द अगदी सापडायच्या बेतात होता. पुढचा सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि हा जागचा हलला नाही. शब्द सापडला, टेस्ट गेली. घरी येऊन त्यानं दोन्ही बातम्या एकाच सुरात सांगितल्या. एकदा इंडियन ग्रोसरीच्या बाहेर एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या एल, जी, एच प्लेटच्या गाडीमागे हा भेंडीची पिशवी घेऊन कितीतरी वेळ उभा होता. गृहस्थ बाहेर आले, घाबरले. यानं अदबीनं सांगितलं, "सर, युवर कार इज लाफ." त्यांनी वाकून चारही चाकं तपासली आणि घाईघाईनं निघून गेले. याला मात्र वाटलं, आपण त्यांचा दिवस चांगला केला.

माझी गाडी तेवढी त्याला पुरून उरली होती. क्यू, व्ही, के. गाडी घेतली तेव्हा देवळात पूजेला नेली. गुरुजींनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि म्हणाले, आता गाडी पुढे घ्या. हा म्हणाला, "एक मिनिट, गुरुजी. शब्द नाही सापडला." गुरुजींना वाटलं, हा एखादा विदर्भातला विधी असेल, बिचारे थांबले. शेवटी लिंबू चिरडलं गेलं, पण शब्द राहिला तो राहिलाच.

मग एका सकाळी कंपनीनं आमच्या मजल्यावरची बरीच माणसं काढली. त्यात हा होता, मी नव्हतो. व्हिसावरच्या माणसाला ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळावा लागतो. वहिनींना इथे काम करायची परवानगी नव्हती आणि मुलगी नुकती कुठे शाळेत रुळली होती. त्या संध्याकाळी गाडीत तोच म्हणाला, "उद्या नेहमीच्या वेळी घ्यायला ये. मी लायब्ररीत बसून अर्ज करतो. घरी बसलो तर हिला टेन्शन येईल." त्यानंतर मी रोज त्याला इस्त्रीच्या शर्टात, डब्यासकट लायब्ररीपाशी सोडायचो आणि संध्याकाळी घ्यायचो. नकार रोज यायचे. वाटेत तो प्लेट वाचायचाच. उलट जास्त हट्टानं वाचायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं.

एका मोठ्या कंपनीची शेवटची फेरी फोनवर होती. लायब्ररीत बोलता येत नाही, म्हणून माझ्या गाडीत बसून. सगळं छान चाललं होतं. समोर एक निळी गाडी उभी होती; के, पी, सी. सकाळीही ती तिथेच होती आणि सकाळी मी घाईत असल्यानं तिचा शब्द अर्धवट राहिला होता. मला तेव्हाच गाडी हलवायला हवी होती. फोनवरच्या साहेबांनी विचारलं, पाच वर्षांनी आमची कंपनी कुठे असेल असं तुम्हाला वाटतं? हा समोर बघत राहिला. मग चेहरा उजळला आणि ठाम आवाजात म्हणाला, "बँकरप्सी."

पुढे त्यानं सगळं समजावून सांगितलं, प्लेटसकट. साहेब म्हणाले, कळवतो. त्यांनी काही कळवलं नाही.

घरी पोचल्यावर यानं वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. मी दारातच अंग चोरून उभा. वहिनींनी विचारलं, "पण भाऊजी, शब्द बरोबर होता ना?" मी म्हटलं, हो. आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी हा इस्त्रीच्या शर्टात खाली हजर.

मुदत संपत आली. वहिनींनी आणलेल्या रिकाम्या बॅगा हॉलमध्ये उभ्या होत्या. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या, पिस्कॅटवेच्या एका कंपनीचा होकार आला. फोन आला तेव्हाही आम्ही सिग्नलला होतो. मी आनंदानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो एवढंच म्हणाला, "सांगितलं होतं ना, असतोच म्हणून."

निघताना सामान चढवून झाल्यावर तो माझ्या गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "हरलास?"

"हरलो नाही बे. शोधून राहिलो."

त्यालाही आता बराच काळ लोटला. बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं माझी गाडी खालून गंजली आणि मागच्या महिन्यात मी नवी घेतली. इथे जुनी प्लेट नव्या गाडीला लावता येते. शोरूममधल्या पोरीनं विचारलं, "नवीन देऊ? हिचे कोपरे वाकलेत."

"जुनीच लाव," मी म्हटलं.

संध्याकाळी त्याला फोन करून नव्या गाडीची बातमी दिली. त्यानं रंग विचारला नाही, मॉडेल विचारलं नाही.

"प्लेट बदलली असशील तू," तो म्हणाला.

"नाही. तीच आहे."

"मग ठीक आहे. तेवढी माझी सीट पुढे ओढून ठेव. मागून दिसत नाही मला."

मी गाडीतच बसलो होतो. हात लांबवून शेजारची सीट पुढे ओढली.