एका सीलसाठी उपनगरं पालथी

गुरुवारी संध्याकाळी आमच्या फाट्यावर मी मुंबईच्या बसमध्ये चढले, तेव्हा पिशवीत एक जादा साडी, चार दशम्या आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवलेलं एक फाटकं रबरी सील होतं. लोक मुंबईला समुद्र बघायला जातात. मी बांगडीएवढं रबर शोधायला निघाले होते.

आमच्या गावात, सांगली जिल्ह्यात, बायकांची दूध संस्था आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेचं डोकं खाण्यापेक्षा मी तिची अध्यक्ष झाले. संस्थेत दूध थंड करणारा कूलर आहे आणि तो सुशीला चालवते. त्याच्या पंपाचं हे सील फाटलं आणि कूलर बंद पडला. आठ दिवस आम्ही कॅन टेम्पोत घालून शेजारच्या गावी नेत होतो. त्यातलं निम्मं दूध नासलं म्हणून परत येत होतं. शेवटी मोठ्या डेअरीच्या साहेबांनी निरोप धाडला की सोमवारी सकाळी कूलर चालू दिसला नाही, तर त्यांचा टँकर आमच्या गावाकडे पुन्हा वळणार नाही. म्हणजे संस्थेला कुलूप.

कूलरच्या कंपनीला मी ईमेलनं तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. चौथ्या खेपेला आलं ते चक्क निमंत्रण. अंधेरीच्या हॉटेलात ग्राहकांचा मेळावा, विषय ‘पुरवठा खंडित झाल्यास: आमची तयारी, आमची भरारी’. संस्थेच्या ऑफिसात, पायाखाली रबर सारून मी स्वतः स्थिर केलेल्या टेबलाशी बसून ते निमंत्रण मी दोनदा वाचलं. सील द्यायला यांच्याकडे माणूस नाही, पण भरारी दाखवायला हॉटेल आहे. म्हटलं, जाऊन त्यांच्या तोंडावरच मागू.

कंडक्टरला मी बजावून सांगितलं होतं, अंधेरीला उठवा. त्यानं उठवलं, पण पुढच्या सीटवरच्या बाईंना. त्या बिचाऱ्या घाबरून उतरल्या आणि मी घोरत बोरीवलीला पोहोचले.

बोरीवली पूर्वेला सकाळी नॅशनल पार्कच्या बाजूनं गार वारा येत होता आणि पांढरे बूट घातलेली म्हातारी माणसं तो पैसे वसूल केल्यासारखी ओढून घेत होती. मी एका दुकानात फाफडा (बेसनाची लांब कुरकुरीत पट्टी) आणि कच्च्या पपईचा कीस खाल्ला. फाफडा उत्तम होता, हे कबूल केलं पाहिजे. दुकानदाराला विचारलं, अंधेरीला कशी जाऊ? तो म्हणाला, “मेट्रो पकडा ना, आजी. वरून जाते, झकास.” आजी म्हटल्याचा राग गिळून मी मेट्रोत बसले. खाली हायवेवर गाड्या तुंबलेल्या होत्या. त्यांतल्याच एखादीत माझं सील अडकलं असेल, असं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

हॉटेलच्या दारात एका मुलीनं माझ्या गळ्यात नावाची पट्टी अडकवली आणि हातात एक पिशवी दिली. पिशवीत वही, पेन आणि प्लास्टिकच्या कुंडीत एक रोपटं. मी म्हटलं, “मला सील हवंय.” ती गोड हसून म्हणाली, “सेशननंतर, मॅडम.” चहा घेतला तर तो पावडरचा. वाढप्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आज दूध आलं नाय ना, मावशी.” दूध थंड करण्याची यंत्रं विकणाऱ्यांच्या मेळाव्यात दूध आलं नव्हतं, आणि दोनशे शहाण्यांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग कंपनीचे एक साहेब मंचावर आले. वय माझ्या धाकट्या मुलाएवढं, आणि पद ‘आपत्ती-पूर्वतयारी प्रमुख’. पडद्यावर त्यांनी जगाचा नकाशा दाखवला. भूकंप आला तर काय, बंदर बंद पडलं तर काय, युद्ध पेटलं तर काय, प्रत्येकाला वेगळा रंग. नंतर आम्हाला टेबलागणिक कागदी कप दिले आणि ‘संकटात उभा राहणारा’ मनोरा रचायला लावला. माझ्या टेबलावरचे जळगावचे एक गृहस्थ मन लावून रचत होते. मी माझ्या वाटणीचे कप एकात एक घालून बाजूला ठेवले आणि हात वर केला.

“माझं पंपाचं सील कधी मिळेल?”

“फार छान प्रश्न, मॅडम,” साहेब म्हणाले. “तो आपण पार्किंगमध्ये ठेवू.”

पार्किंग म्हणजे भिंतीवरचा एक पांढरा फळा. ज्याचं उत्तर द्यायचं नाही, तो प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचा. माझी चिठ्ठी चिकटली, आणि पंख्याच्या वाऱ्यानं पडली. कोणी उचलली नाही.

तेवढ्यात साहेबांनी अभिमानानं पुढचं पान दाखवलं. “आम्ही एकाच पुरवठादारावर कधीच अवलंबून नसतो. सीलचंच बघा. एक मुलुंडला, एक मानखुर्दला, एक घाटकोपरला. एक बंद पडला तरी दोन उभे!” तिन्ही पत्ते पडद्यावर होते. मेळाव्यातली ती एकच कामाची गोष्ट. मी कंपनीच्याच पेनानं कंपनीच्याच वहीत उतरवून घेतले, जेवणाआधी बाहेर पडले आणि रोपटं दारातल्या मुलीला परत केलं.

मुलुंडला रिक्षानं गेले. एका औद्योगिक इमारतीत पहिल्या मजल्यावर पत्ता सापडला. गुजराती शेठ सत्तरीचे, चष्मा कपाळावर. मी खोकं उघडून सील पुढे केलं. त्यांनी ते उजेडात फिरवून बघितलं.

“बाई, खरं सांगू? आपण हे बनवतच नाय. आपण फक्त पिशवीत भरतो न् लेबल लावतो.”

“मग बनवतं कोण?”

“घाटकोपरचा परब. त्याच्यासारखं रबर कोणालाच जमत नाय.”

“आणि मानखुर्दचे?”

शेठनी माझ्यासमोरच मानखुर्दला फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि हसत फोन ठेवला. “तो पण परबचाच माल घेतो. म्हणतो, परबचं शटर पंधरा दिवसापासून बंद. सगळ्यांचीच वाट लागली.”

“आणि कंपनीला हे ठाऊक नाही?”

“कोणी विचारलंच नाय ना,” शेठ म्हणाले. “फॉर्ममध्ये आपला पत्ता मागितला, आपण दिला.”

तीन पत्ते, तीन पुरवठादार, आणि तिघांच्या मागे एकच माणूस! आमच्या गावात लग्नाला तीन आचारी सांगितले आणि तिघेही एकाच शेजारणीकडून पोळ्या करून आणत असले, तर बायका आठवडाभर हसतील. इथे त्याला भरारी म्हणतात.

घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या अंगानं घरं एकमेकांच्या खांद्यावर बसली आहेत. गल्ली इतकी अरुंद की समोरून पिंप आलं की आपण कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. प्रत्येक दारात पाण्यानं भरलेलं एक पिंप आणि त्याशेजारी झाकण लावून ठेवलेलं दुसरं भरलेलं पिंप होतं. ते मी पाहिलं आणि पुढे गेले. तेव्हा त्याचा अर्थ लावण्याइतकी मी शहाणी नव्हते. परबांच्या गाळ्याचं शटर खाली होतं. मी ते दोनदा ठोकलं. खरं सांगते, तिथे माझा धीर सुटला. सुशीला उद्या पुन्हा टेम्पोमागे धावणार आणि मी कागदी कपांची गोष्ट सांगत परत जाणार, या विचारानं डोळ्यांत पाणी आलं.

“काय गं ताई, रडते कशाला?” शेजारच्या दारातून आवाज आला. शिलाई मशीनवर एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या, कांबळेताई. मूळच्या परभणीकडच्या, पण बोलणं पक्कं घाटकोपरचं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं, कमरेची किल्ली काढली आणि म्हणाल्या, “एवढंच ना? चल.”

शटर वर गेलं. आत भिंतीला लावून खोकी रचलेली होती, कमरेएवढी. प्रत्येकावर खडूनं नाव होतं: मुलुंड, मानखुर्द, कंपनी. सगळी बांधून तयार.

“हे पंधरा दिवस इथेच पडलंय?”

“परबभाऊ रात्रंदिवस करून गेला ना. म्हणला, ताई, कोण आला तर देऊन टाक. कोण आलाच नाही. तूच पहिली.” आणि त्यांनी परबांना फोन लावून दिला.

परब मालवणकडे, त्यांच्या गावी गेले होते. गावी म्हणजे गावाच्या वेशीबाहेर, माळावरच्या झोपडीत. त्यांच्याकडे गावपळण होती. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवता कौल देते आणि सगळं गाव गुरं-कोंबड्यांसकट घरं सोडून तीन दिवस शिवेबाहेर जाऊन राहतं. मुंबईचे चाकरमानीही त्यासाठी आधीपासून पोहोचतात. फोनवर मागे कोंबडा ओरडत होता.

“बाई, मी कंपनीक आदीच सांगलंय,” परब म्हणाले. “ह्या वर्सा गावपळण हा, माल आधी उचला. तर त्येंनी फॉर्म धाडल्यानी. त्येच्यात बंद ठेवची तारीख व्हयी (हवी).”

“मग तुम्ही लिहिली नाही?”

“देवान कौल देवचो होतो तेवा अजून, नि मी तारीख खंयसून हाडू (कुठून आणू)? फॉर्म परत इलो (आला). परत धाडलंय, परत इलो.”

“अहो, अंदाजे घालायची एखादी.”

“देवाच्या आदी तारीख घालू? तां जमूचा नाय, बाई. खोटा लिवन फॉर्म जायत, पण माझो हात नाय जावचो.”

म्हणजे तारखेचा रकाना रिकामा म्हणून कंपनीच्या संगणकानं फॉर्म घेतला नाही. फॉर्म नाही म्हणून सूचना नाही, आणि सूचना नाही म्हणून तयार माल कोणी उचलला नाही. भूकंपाला, युद्धाला रंग आहे. परबला नाही. आणि ज्या माणसाचं अख्खं गाव घर सोडून राहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या जपतंय, त्याला हे आपत्तीची तयारी शिकवणार! मला त्या मंचावरच्या साहेबांना कान धरून या गाळ्यात आणावंसं वाटलं.

“व्हया तेवढा घेवन जावा,” परब म्हणाले. “ताईंच्या वहीत नाव लिवा. बाकीचा मी इलंय की बघतंय.”

मी एकच पाकीट घेतलं. कांबळेताईंनी खऱ्या दुधाचा चहा पाजला आणि खाली रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मी म्हटलं, “कंपनीनं तुम्हालाच प्रमुख करायला हवं.” त्या म्हणाल्या, “नको बाई, मला तिकडे बोलता येत नाही.” शनिवारी सकाळी मी घरी होते.

सुशीलानं तासाभरात सील बसवलं. आधी पाणी फिरवून पाहिलं, एक थेंब गळला नाही. सोमवारी टँकर आला. ड्रायव्हरनं आत हात घालून पत्र्याचा गारवा पाहिला, मान हलवली आणि नळी लावली. दारात उभ्या असलेल्या बायकांपैकी कोणी घरी गेली नाही. टँकर वळणापलीकडे जाईपर्यंत सगळ्या तिथेच होत्या.

दुपारी मी माझ्या टेबलाशी बसून कंपनीला पत्र लिहायला घेतलं. असं पत्र की वाचून साहेबांना घाम फुटावा. ‘दूरदृष्टीचा संपूर्ण अभाव’ इथवर आले होते, तेवढ्यात सुशीला आली. तिच्या हातात पाकीट होतं, आणि पाकिटात अजून एक सील.

“बाई, ह्ये दुसरं कुठं ठेवू?”

“दुसरं? चुकून जादा आलं असेल.”

तिनं पाकिटातली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. निळ्या शाईत, कष्टानं काढलेलं अक्षर होतं: एक लावा, एक ठेवा.

“गेल्या येळंलाबी दोनच आलती की,” सुशीला म्हणाली. “चिठ्ठीबी हुती. तुमीच म्हणालासा, या कारखानदारांस्नी मोजता येत न्हाई.”

“मग ते दुसरं कुठे गेलं?”

ती फक्त माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत राहिली.

आम्ही दोघींनी मिळून टेबल उचललं. खालचं रबर चपटं झालं होतं, कडा तुटल्या होत्या, मधल्या भोकात धूळ बसली होती. आठ दिवस नासलेलं दूध, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, आणि औषध माझ्याच पायाशी होतं. कंपनीकडे निदान फॉर्मची सबब होती. मला तर परबांनी स्वतःच्या हातानं लिहून कळवलं होतं.

नवं दुसरं सील सुशीलाच्या कपाटात गेलं आणि किल्ली तिच्या कमरेला. कंपनीचं पत्र मी पुरं केलं, पण ‘दूरदृष्टी’चं वाक्य खोडलं. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय. त्याच्या पायाखाली मी काहीही घालू दिलेलं नाही. प्रत्येक सहीच्या वेळी हात हलतो, आणि तो तसाच हलायला हवा.