दुसऱ्याच्या गाडीचा माल

तळेगावजवळच्या ट्रक अड्ड्यावर चहा पिताना तो भेटला. पिळदार मिशा, खांद्यावर पंचा आणि फोनवर आवाज असा, की साऱ्या गाड्यांचा मालक हाच वाटावा! प्रत्यक्षात तो शेजारी बसलेल्या ट्रकवाल्या मित्रासाठी काचेचा माल ठरवत होता आणि मालाच्या पावतीवर, बिल्टीवर, नाव मात्र स्वतःचं घालायला सांगत होता.

मला राहवलं नाही. वकिली थाटात बोट नाचवत मी म्हणालो, "भाऊ, काच फुटली तर कोर्टात तुम्ही उभे!"

"ठाव हाय," तो हळूच म्हणाला. "पन ह्यो बोलताना अडकतो, सायेब. लोक फोनच ठेवत्यात."

"मग गाडी कुणाची, ते तरी खरं सांगा."

त्यानं मिशीवरून हात फिरवला, पुन्हा फोन लावला आणि खरं सांगून टाकलं. पलीकडून हुकूम आला, "मालकाला द्या."

मित्रानं फोन घेतला. पहिलं अक्षर निघेना. यानं त्याच्या पाठीवर तळहात टेकवला. मघाशी अड्डा दणाणून सोडणारा हा माणूस आता श्वाससुद्धा जपून घेत होता. अखेर नाव आलं, मागोमाग गाडीचा नंबरही.

"बरं, दुपारी गाडी लावा."

मित्रानं घाईघाईनं फोन पुढे केला. यानं हात मागे घेतला.

"भाडं किती, ते बी तूच इचार की."