झऱ्याकडचा बाण

पेंटरला बोट लागते, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. म्हणूनच धाकट्या भावाच्या बेटावर तो सव्वीस वर्षांत एकदाही गेला नाही, असं सगळे धरून चालले होते. खरं कारण एका बाणाचं होतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याचं असं झालं. बेटावर नवीन उद्यान निघालं आणि तिथे रखवालदाराची एकच जागा होती. बेट म्हणजे दोन तासांच्या समुद्रापलीकडची एक टेकडी, गर्द झाडी, नाना तऱ्हेचे पक्षी आणि गोड्या पाण्याचा एक झरा. आठवड्यातून दोनदा बोट, दुसरा मार्ग नाही. दोन्ही भावांनी अर्ज केले. धाकट्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून त्याचाही अर्ज पेंटरनेच लिहून दिला. मन लावून लिहिला, कारण वाईट अक्षर काढणं त्याला जमतच नसे. मग उमेदवारांना बोटीवर बोलावलं. बोटीची दोरीही सुटली नव्हती, तोवर पेंटरला बोट लागली आणि साहेबांचे बूट खराब झाले. नोकरी धाकट्याला लागली. चला, घरातच राहिली, असं आई म्हणाली. घरात राहिली खरी, पण पेंटरच्या घशात अडकून राहिली.

तेव्हापासून धाकट्याला लोक बेटराव म्हणू लागले. महिन्याकाठी तो घरी आला की सगळी आळी त्याच्याभोवती गोळा. कोणत्या पक्ष्याने किती अंडी घातली, हे ऐकताना लोक जेवण विसरायचे. पेंटरने अर्ध्या शहराची दुकानं रंगवली होती, पण ती नावं वाचताना ती कोणी काढली हे विचारावंसं कोणाला वाटलं नाही. त्याच्या मुलीने शाळेत ‘माझा आवडता माणूस’ हा निबंध लिहिला, तो काकावर. निबंधाला बक्षीस मिळालं ते सुंदर अक्षराबद्दल. अक्षर बापाचं आणि गुणगान काकाचं, हे पेंटरला फार लागलं.

पण बाण त्याआधीचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बेटासाठी एकेचाळीस पाट्यांचं काम निघालं आणि धाकट्याने ते साहेबांना सांगून पेंटरला मिळवून दिलं. हेव्यात उपकार पडले की माणूस जास्तच कडवट होतो. जिन्याखालच्या आपल्या चिंचोळ्या दुकानात, टर्पेंटाइनच्या वासात, पेंटर धाकट्याच्या हातची यादी समोर ठेवून पाट्या काढत होता. तेवढ्यात आई वर्तमानपत्र घेऊन आली. बेट आणि बेटाचा रखवालदार, असा फोटो आला होता. आईने तो ओल्या पाटीवरच ठेवला, वर ‘तुझ्या भावाला बघ’ म्हणाली. ती गेल्यावर पेंटरने चाळिसावी पाटी घेतली. ‘झरा’ हा शब्द इतका देखणा काढला की स्वतःच दोनदा मागे सरून पाहिला. मग यादीत उजवीकडे होता तो बाण त्याने डावीकडे काढला.

तीन महिन्यांनी साहेबांचा पाहणी दौरा होता. साहेब पाटी वाचून डावीकडे वळतील आणि सगळ्या लवाजम्यासकट काटेरी झुडपात शिरतील, धाकट्याची चांगली शोभा होईल, एवढंच त्याला हवं होतं. विचारलंच कोणी, तर सबब तयार होती की यादीतलं अक्षर लागलं नाही. दौरा झाला. धाकट्याला शाबासकी मिळाल्याची बातमी आली. बाणाबद्दल चकार शब्द नाही, आणि पुढच्या वर्षी पाट्यांचं काम पुन्हा पेंटरकडेच. धाकट्याला कळलंय की नाही, या एका प्रश्नाने पेंटरची सव्वीस वर्षं खाल्ली.

यंदा धाकट्याचा फोन आला. रंगवलेल्या पाट्या उतरवून छापील लावायच्या ठरल्या होत्या. उतरवण्याआधी दादाने एकदा बघून जावं, असं त्याचं म्हणणं होतं. पेंटरने बोट लागते म्हणून पाहिलं. बायकोने पिशवीत लिंबू, टॉवेल आणि चार कागदी पिशव्या भरल्या आणि सांगितलं की भाऊजींनी आजवर काही मागितलेलं नाही, आता नाही म्हणायची सोय नाही. तीही सोबत निघाली.

चारही पिशव्या लागल्या. त्यातच समोरच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या सहाव्यांदा चालल्या होत्या आणि बेटरावांचं कौतुक करताना थकत नव्हत्या. बेटावरची सगळ्यांत सुंदर गोष्ट कोणती, तर म्हणे झऱ्याची वाट. पेंटरने मान फिरवून समुद्राकडे पाहिलं आणि पाचवी पिशवी मागितली.

धक्क्यावर उतरल्यावर मात्र त्याला बरं वाटलं. पहिली पाटी त्याची, दुसरी त्याची. उन्हापावसात रंग विटला होता, पण अक्षर ताठ उभं होतं. लोक थांबून वाचत होते. बायकोला तो ‘ज्ञ’ कसा काढलाय ते दाखवू लागला. मग चढावर फाटा आला आणि तिथे ती उभी होती, ‘झरा’, बाण डावीकडे.

आणि डावीकडे वाट होती. चांगली दगडी पायऱ्यांची, टेकडीला वळसा घालून जाणारी. उजवीकडे नुसतं रान माजलेलं. पेंटरला काही सुधरेना. म्हणजे यादीच चुकीची होती आणि आपण वाईट करायला जाऊन बरोबर करून बसलो? आयुष्यात एकदा खोडी काढली, तीही धड झाली नाही?

शिक्षिकाबाई मागून आल्या आणि विचारल्याशिवायच सांगू लागल्या. झरा पूर्वी उजवीकडून तीन मिनिटांवर होता. ही वाट बेटरावांनी पहिल्याच वर्षी एकट्याने खणली, साहेबांनी दौऱ्यात तिच्याबद्दलच शाबासकी दिली. वळशामुळे पक्ष्यांची घरटी दिसतात, किनारा दिसतो, लोक खास त्यासाठी येतात. पेंटर एकेक पायरी उतरत होता आणि प्रत्येक पायरीचा त्याला राग येत होता. भावाचा पाय ओढायला गेला, तर त्याला चढायला पायऱ्या करून दिल्या.

झऱ्याजवळ धाकटा कठड्यावर बसला होता. बायको पाण्यात पाय सोडून जरा लांब बसली. पेंटरने सव्वीस वर्षं जपलेली सबब बाहेर काढली.

“त्या पाटीचं असं झालं, की यादीतलं तुझं अक्षर लागलं नाही मला.”

“अक्षर लागणार नाही म्हणून मी यादीत बाणच काढून दिला होता, दादा.”

पेंटरचे कान तापले. “मग बोलला का नाहीस?”

“साहेबांनी काम दुसऱ्याला दिलं असतं.”

“पुसून टाकायचा होतास बाण. नवा काढायचास.”

“माझा हात तुला माहीत आहे. तुझ्या अक्षराशेजारी तो बाण कसा दिसला असता?” धाकट्याने तळवे गुडघ्यांवर पुसले. “रंगवणं मला येत नाही. कुदळ येते.”

मग तो उठला आणि रंगाचा डबा नि ब्रश घेऊन आला. एक जुनी पाटी ठेवायची परवानगी त्याने काढली होती, ती हीच. बाण पुसट झालाय, तेवढा गिरवून दे, म्हणाला. पेंटर फाट्यापर्यंत वर चढला, गुडघे टेकून बसला आणि बाण गिरवला, डावीकडेच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाताने रेघ वाकडी ओढली. धाकटा सुंदर झालाय म्हणाला.

परतीच्या बोटीत बसल्याबसल्या पेंटरने बायकोला सगळं सांगून टाकलं, फोटोपासून कुदळीपर्यंत. धक्क्यावर धाकटा हात हलवत उभा होता.

“किती मोठं मन हो भाऊजींचं,” ती म्हणाली.

“तेच तर पचत नाही,” पेंटर म्हणाला, आणि बोटीची दोरी सुटायच्या आतच कठड्याकडे धावला.