खोट्या आकड्यांची मॅडम

आमच्या सौंसरात बातमी पसरायला पेपर लागत नाही, माझे धाकटे दीर विनोदभाऊजी पुरे. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ उर्वशी, एका खाजगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नेमणूक दरवर्षी नव्याने. भाऊजींनी पानठेल्यावर छाती फुगवून सांगितलं, "आमची मॅडम खोट्या आकड्यांवर पीएचडी करून राहिली!"

संध्याकाळी कॉलेजचे अध्यक्ष उत्तमराव दारात हजर. संत्र्याचे व्यापारी. खोट्याची त्यांना फार चीड. पेटीत वर मोठी फळं अन् खाली बारीक, ही त्यांच्या मते मांडणी असते.

"काऊन मॅडम, खोटे आकडे बनवून राहिल्या म्हणे?"

"नाही काका. दुसऱ्यांनी बनवलेले गोळा करते."

"म्हणजे चोरीचे!"

मी देवापुढे वात लावत होते. मारोतीरायाला म्हटलं, या पोरीला आज जरा गोडगोड बोलू दे, नेमणूक याच माणसाच्या सहीवर आहे. देवाने ऐकलं नाही.

उर्वशी समजावू लागली. दोन गटांत खरा फरक आहे का, हे सांगणारी एक चाचणी असते. ती स्वतः कधी चुकते ते बघायला लोक कम्प्युटरवर मुद्दाम फरक नसलेले आकडे बनवतात. तरीही चाचणी 'फरक आहे' म्हणाली, की पकडली गेली. असे प्रयोग पुष्कळांनी केले, उत्तरं निरनिराळी आली. ते सगळे एकत्र मांडून उर्वशी बघते, चाचणी नेमकी कशाने बिघडते.

"मंग कशाने बिघडते?"

"एक गट लहान, त्यातच आकडे फार वरखाली, अन् दुसरा गट मोठा. अशा वेळी नसलेला फरक दाखवते."

उत्तमराव खूश. "वा! आपल्या स्पेशल क्लासने मार्क वाढले, हे चाचणीने सिद्ध झालं म्हणून आपण कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलं ना? त्यातच या चाचणीवर तुमचं एक पान टाकू."

"क्लासला पोरं किती होती, काका?"

"मूठभर. काही हुशार, काही पार ढ."

"अन् तुलना कोणाशी?"

"बाकीच्या साऱ्या कॉलेजाशी!"

"मंग ते सिद्ध नाही झालं."

विनोदभाऊजी खोकले. मीही खोकले. उर्वशी म्हणाली, "पान लिहून देते, पण हेच लिहीन."

उत्तमरावांनी चहा पूर्ण प्यायला, माणूस सभ्य आहे. जाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्या खोट्याच आकड्यांत राहा. आमच्या खऱ्यांना हात लावू नका."

जुलैपासून उर्वशी बसने पांढुर्ण्याला शिकवायला जाते. इथे तिच्या जागी उत्तमरावांची पुतणी डिंपल आली. चाचण्यांबद्दल तिला कसलीच शंका नाही.